देव्हाऱ्यातील रुपयाचे मोल

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी घरांत जुनी नाणी मुळीच नाहीत, असे घर विरळाच. कुठे लक्ष्मीपूजनाच्या तबकात मांडण्यासाठी जपलेले राणीछाप रुपये असतात, कुठे मुंजीच्या भिक्षावळीत आलेले, कुठे सासूने सुनेच्या ओटीत घातलेले. माळव्यात होळकरशाही रुपया निघतो, ग्वाल्हेरीस शिंद्यांचा पाव आणा, बडोद्यास सयाजीरावांच्या मुखाकृतीचा रुपया आणि हैदराबादेस चारमिनारचे चित्र असलेला हाली सिक्का. ही नाणी वर्षातून एकदा उजेडात येतात, घासूनपुसून लख्ख केली जातात आणि पुन्हा डब्यात जातात.

परंतु घरात एखादी नड उभी राहिली, वाटण्या झाल्या किंवा वडीलधारे माणूस गेले, की हा डबा उघडतो आणि एकच प्रश्न पुढे येतो. याचे किती येतील? या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे आपल्याकडे दोन परस्परविरुद्ध चुका घडतात. काही जण सगळा डबा मोडीच्या भावाने देऊन मोकळे होतात. काही जण ‘जुने ते सोने’ या समजुतीने लाखांची स्वप्ने पाहतात आणि कुणा लबाडाच्या हाती सापडतात. दोहोंचे मूळ एकच. नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरते, असे आपण धरून चालतो. वस्तुतः नाण्याचे मोल ठरते ते तीन प्रश्नांच्या उत्तरांवर. नाणे खरे आहे काय? तसली किती उरली आहेत? आणि हे नाणे किती झिजले आहे? वय या तिन्हींच्या मागून येते.

वय आणि दुर्मीळता

प्रथम वयाचा भ्रम दूर केला पाहिजे. दोन हजार वर्षांहून जुनी, चांदीच्या तुकड्यावर निरनिराळ्या चिन्हांचे ठसे उमटविलेली आहत नाणी आपल्या देशात ठिकठिकाणी मोठ्या ठेव्यांच्या रूपाने सापडली आहेत. संख्या विपुल असल्यामुळे त्यांतील सामान्य प्रकारचे नाणे आजही साधारण संग्राहकाला परवडते. उलट पंचम जॉर्जचा १९११ सालचा रुपया पाहा. त्या वर्षीच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील पदकमालेत एक हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुकराचे चित्र वाटले आणि असंतोष पसरला. नाणे मागे घ्यावे लागले. नव्वद लाखांहून थोडे अधिक रुपये पाडले गेले होते, त्यांतील बहुतेक वितळविले गेले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड लांब झाली. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहक आजही शोधत असतात. १९१८ चा रुपया मात्र कुणी शोधत नाही. महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने पिटमन कायद्यान्वये आपले चांदीचे डॉलर वितळवून चांदी पुरविली, आणि त्या एका वर्षी कलकत्ता व मुंबई या दोन टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पाडले. दोन्ही रुपये एकाच राजाचे, एकाच वजनाचे, अवघ्या सात वर्षांच्या अंतराचे. पण मोलात मोठी तफावत.

सालाबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. नाण्यावरचे साल ते पाडल्याचे साल असतेच असे नाही. राणीच्या ज्या रुपयांवर १८६२ हे साल आहे, ते १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडले जात होते. त्यांतील वेगवेगळे प्रकार ओळखण्यासाठी मागील बाजूच्या बारीक ठिपक्यांची जागा व संख्या पाहावी लागते. टांकसाळीची खूणही अशीच पाहावी. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाशी असलेल्या कमळाखाली ठिपका असेल, तर तो मुंबईचा. नसेल तर कलकत्त्याचा. एखाद्या वर्षी एका टांकसाळीचे नाणे विपुल आणि दुसरीचे दुर्मीळ असू शकते. म्हणून भिंग घेतल्यावाचून निर्णय करू नये.

संस्थानी नाण्यांवर सन निरनिराळे असतात. विक्रम संवतातून सत्तावन्न वजा केले, किंवा शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले, की इसवी सन साधारणपणे मिळतो. हिजरी सनाचे वर्ष चांद्र, म्हणून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. हैदराबादच्या १३२१ हिजरीच्या रुपयावर हा हिशेब केला तर १९०३ येतात, आणि चारमिनारचे चित्र असलेला रुपया त्याच सुमारास निघाला, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांचे, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खान यांचे. इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या रुपयावर सूर्याचा मुखवटा असतो आणि अहिल्याबाईंच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग व बिल्वपत्र. दोहोंवरची अक्षरे फारसी, आणि नाव दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. हा बादशहा १८०६ साली वारला, तरी त्याच्या नावाचे होळकरी रुपये पुढे कित्येक वर्षे पडत राहिले. म्हणून केवळ फारसी अक्षरे पाहून ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून नाणे बाजूला टाकू नये.

खरे की खोटे

आपल्या भाषेत ‘बंदा रुपया’ आणि ‘खणखणीत नाणे’ हे शब्दप्रयोग उगाच रूढ झालेले नाहीत. जुने सराफ रुपया दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत. ही रीत आता वापरू नये, कारण तिने कडेला इजा होते. घरच्या घरी करता येण्याजोगी अधिक भरवशाची परीक्षा आहे, आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही समजेल.

कळदार रुपयाचे, म्हणजे १८३५ पासून यंत्रावर पाडलेल्या इंग्रजी रुपयाचे, प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस धातू. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणाऱ्या काट्यावर प्रथम रुपया तोलावा. नंतर त्याच काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. रुपया बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला वा कडांना टेकणार नाही, असा लटकवावा. पूर्ण वजनाच्या रुपयाने काटा १.१३ च्या आसपास येईल. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले, की १०.३ च्या जवळपास उत्तर यावे. तांब्या-पितळेच्या मुलाम्याच्या नाण्यात ते साडेआठ ते नऊ येते. आर्किमिडीजच्या या तत्त्वाचा एक मोठा गुण असा, की नाणे कितीही झिजले तरी भागाकार बदलत नाही. वजन मात्र झिजेने घटते. अस्सल पण झिजलेला रुपया आणि वजन भरून काढलेला बनावट रुपया या दोहोंतील फरक येथे उघड होतो.

वजन व भागाकार जुळला, तरी ओतीव बनावट नाणे चांदीचेही असू शकते. अशा नाण्यावर भिंगाखाली बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ व वितळल्यासारख्या भासतात, आणि कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा कधी कधी उमटलेला असतो. सर्वांत अधिक बनावट नाणी दुर्मीळ सालांचीच असतात. षष्ठ जॉर्जचा १९३९ चा रुपया हे त्याचे ठळक उदाहरण. १९३८ च्या नाण्यावरील शेवटचा आकडा कोरून बदललेला असतो. अशा नाण्याचा शेवटचा आकडा शेजारच्या आकड्यांशी ताडून पाहावा. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाबाबत तर शंकेपासूनच आरंभ करावा. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ, आणि नकली मात्र बाजारोबाजार. तांब्याची शिवराई तशी नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ पडत राहिली. दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळातली आणि विपुल. ती घरात सापडली तर जरूर जपावी, पण ती महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळची आहे असे मानून व्यवहार करू नये.

एका नाण्याविषयी मात्र येथे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. एका बाजूस रामदरबार, हनुमान किंवा अन्य देवता, दुसऱ्या बाजूस ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘आणा’ आणि १८१८ किंवा त्याही आधीचे साल, अशी नाणी घराघरांत पूजेत आढळतात. ही कंपनीची चलनी नाणी नव्हेत. मद्रासकडील कंपनीच्या सोन्याच्या होनांवर देवप्रतिमा होत्या हे खरे, पण त्यांचा या आण्यांशी संबंध नाही. हे मागाहून केलेले बिल्ले आहेत. हे नाणे तांदूळ ओढते, त्याला कोटीचा गिऱ्हाईक आहे, अशा कथा पसरवून भोळ्या माणसांकडून ‘तपासणी’च्या नावाने पैसे उकळले जातात. देवाची मूर्ती म्हणून त्या बिल्ल्याची पूजा करण्यास कुणाची हरकत नाही. ठेव म्हणून मात्र त्याच्यावर विसंबू नये.

झीज कशी वाचावी

नाणे खरे ठरले, ते कोणते हेही कळले. आता त्याची अवस्था. नाण्याचे सर्वांत उंच भाग आधी झिजतात. राणीच्या रुपयावर कानाजवळचे केस व गाल, पंचम जॉर्जच्या रुपयावर भुवई, मिशी, मुकुटातील मोती आणि झग्यावरचा तोच हत्ती, चारमिनारच्या रुपयावर मनोऱ्यांच्या बारीक रेषा. खिडकीच्या तिरप्या उजेडात, पाचपट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने या जागा पाहाव्यात.

संग्राहकांच्या व्यवहारात अवस्थेच्या पायऱ्यांना इंग्रजी नावे रूढ आहेत, आणि ती फसवी आहेत. व्यवहारात कधीच न आलेले नाणे ते ‘अनसर्क्युलेटेड’. ते हळूहळू फिरविले तर त्यावरची चकाकी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसते. केवळ उंच टोकांवर किंचित झीज असेल, तर ‘एक्स्ट्रीमली फाईन’. झीज सहज दिसते पण बहुतेक बारकावे शाबूत आहेत, ते ‘व्हेरी फाईन’. बारकावे बरेच गेले तरी अक्षरे पूर्ण वाचता येतात, ते ‘फाईन’. आणि ज्याचा बाह्याकार तेवढा उरला आहे, जे बोटाला जवळजवळ गुळगुळीत लागते, त्याला या भाषेत ‘गुड’ म्हणतात! तेव्हा एखाद्या व्यापाऱ्याने ‘नाणे गुड आहे’ असे सांगितले, तर त्या शब्दाने हुरळून जाऊ नये. विल्यम शेल्डन या अमेरिकन गृहस्थाने १९४९ साली एक ते सत्तर अशी गुणांची पट्टी आपल्या देशातील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. आज जगभर तीच कमीअधिक फरकाने चालते. एका पायरीच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलू शकते. उलट, विपुल सालाचे झिजलेले नाणे असेल तर त्यात धातूखेरीज जवळजवळ काहीच मोल उरत नाही.

हाताने पाडलेल्या संस्थानी नाण्यांना ही मापे जशीच्या तशी लावता येत नाहीत. त्यांचा ठसा चकतीहून मोठा असे, म्हणून संपूर्ण मजकूर एका नाण्यावर बहुधा मावतच नाही. तेथे सन आणि टांकसाळीचे नाव किंवा चिन्ह नाण्यावर आले आहे काय, हे पाहावयाचे. सराफांनी परीक्षेसाठी मारलेली छिद्रे वा ठसे अशा नाण्यांवर पुष्कळदा असतात. अलंकारासाठी कडी जोडलेली असेल, अथवा ती काढून डाग घासलेला असेल, तर संग्राहकाच्या दृष्टीने मोल घटते. अर्थात माळेतील पुतळीचे माळ म्हणून जे मोल आहे, ते निराळे.

घासण्याची आपली सवय

येथे एका कटू गोष्टीकडे वाचकांचे, विशेषतः गृहिणींचे, लक्ष वेधावेसे वाटते. आपण ज्या भक्तीने लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंच, लिंबू, राख वा दंतमंजन लावून घासतो, तीच नाण्यांचा घात करते. हवेतील गंधकाच्या अंशाने चांदीवर काळसर पुट चढते. ते पुट अतिशय पातळ असते आणि खालच्या धातूस बहुधा अपाय करीत नाही. संग्राहकाला तर हे पुट हवेच असते, कारण ते नाण्याला कुणी हात लावला नसल्याची साक्ष देते. आपण घासतो तेव्हा पुटाबरोबर चांदीचाही थर जातो आणि पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म ओरखडे उमटतात. अशा नाण्याची लकाकी भिंगाखाली तत्काळ ओळखू येते, आणि त्याची किंमत न घासलेल्या काळ्या नाण्याहूनही खाली जाते. हे नुकसान पुन्हा भरून येत नाही. पूजेला नाणी हवीतच. त्यांसाठी दोन सामान्य रुपये वेगळे ठेवावेत व तेवढेच धुवावेत. बाकीच्यांना केवळ कडांनी धरावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबराची वेढणी आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा; कोरड्या जागी, नाणेसंग्रहासाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवावे.

एका डब्याचा हिशेब

या सर्व विवेचनाचा घरसंसारात उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आईचा डबा घेऊन आला. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते. डब्यात चौदा नाणी होती: पंचम जॉर्जचे नऊ रुपये, राणीचा १८४० चा एक, एक चारमिनारचा, एक शिवराई, एक रामदरबाराचा बिल्ला, आणि एक काळाकुट्ट, अनियमित आकाराचा रुपया, ज्याची अक्षरे घरात कुणालाच लागत नव्हती. घरच्यांनी मनाशी हिशेब केला होता. रामदरबार लाखांचा, तेवढ्यासाठी दूरध्वनीवरून बोलणाऱ्या एका गृहस्थाने आगाऊ ‘नोंदणी शुल्क’ मागितले होते, आणि ते पाठविण्याची तयारी चालली होती. बाकीची तेरा सराफाकडे तोलून द्यावयाची.

तपासल्यावर हिशेब उलटा निघाला. बिल्ल्यास मोल नव्हते. जॉर्जचे आठ रुपये झिजलेले आणि विपुल सालांचे होते. प्रत्येकी सुमारे १०.६९ ग्रॅम चांदी, म्हणजे झीज सोडून एकूण साडेपंच्याऐंशी ग्रॅम. ते मोडीत देण्यात काहीच तोटा नव्हता, आणि त्यांनी शुल्काची नड बरीचशी भागली. नववा रुपया जवळजवळ न वापरलेला होता. राणीचा रुपया मुळात सुरेख, पण दरवर्षी चिंचेने घासून त्याचे तेज मेलेले. आणि तो काळा रुपया होळकरशाही निघाला, सूर्याचा मुखवटा पूर्ण आणि सन स्पष्ट. कुणाला ओळखू आला नाही म्हणून तो पूजेत कधी मांडला गेला नव्हता, आणि म्हणूनच कधी घासलाही गेला नव्हता. साऱ्या डब्यातील उत्तम नाणे तेच होते, आणि एका दिवसाच्या अंतराने ते मुशीत जाणार होते.

विकताना

नाणे विकणे हा काही अपराध नव्हे. पण विकण्यापूर्वी निदान तीन ठिकाणी दाखवावे, आणि दाखविताना हातातून सोडू नये. किंमत पाहावयाची ती कुणी मागितलेली नव्हे, तर प्रत्यक्ष लिलावात आलेली. नाण्यांच्या लिलावांच्या सूचींत ती मिळते. व्यापारी विकतो त्याहून कमी किमतीत घेतो, हे त्याच्या धंद्यास धरूनच आहे. रिझर्व्ह बँक जुनी नाणी लाखांना विकत घेते, ही बातमी मात्र सपशेल खोटी. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून आपण असले व्यवहार करीत नाही आणि त्यांसाठी शुल्क वा दलाली मागत नाही, असे बजावले आहे. जो आधी पैसे मागतो तो गिऱ्हाईक नव्हे, एवढे सूत्र ध्यानी ठेवले तरी पुरे.

कायद्याच्याही दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि ते खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतील नातवाला आठवण म्हणून १९१८ चा रुपया पाठविणेही यात येते. तसेच जुना वाडा पाडताना जमिनीत वा भिंतीत पुरलेली नाणी सापडली, तर १८७८ च्या निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. ओळख पटवून घेण्यासाठी संग्रहालये व नाणेशास्त्राच्या संस्था आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राची संशोधनसंस्था आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. तेथील नाणी एकदा मुलाबाळांसह पाहून यावीत. पाहिलेल्या डोळ्याला घरचे नाणे निराळे दिसते.

शेवटी एक साधी सूचना. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. तीवर राजाचे नाव, सन, वजन, आणि मुख्य म्हणजे ते घरात कसे आले, हे लिहावे. कोणत्या आजीला कोणत्या प्रसंगी मिळाले, पूर्वज कोणत्या संस्थानात कोणत्या चाकरीवर होते, ते सारे. पहिल्या तीन गोष्टी कोणताही जाणकार पुढेही सांगू शकेल. चौथी मात्र सांगणारी माणसे घरोघरी थोडीच उरली आहेत. त्यांना या दिवाळीच्या आतच विचारून घ्यावे.